पागोळ्यांचा हिशेब

मोपा विमानतळ झाल्यापासून पेडण्यातल्या मोरजी-मांद्रे पट्ट्यात ‘गोव्याच्या शैलीतले’ बंगले विकण्याला जोर आला आहे. सिमेंटच्या सांगाड्यावर चिऱ्याच्या पातळ लाद्या चिकटवल्या, दर्शनी बाजूला एक कमान दिली, की घर गोमंतकीय झाले असे समजतात. मला ते पटत नाही. खाणीतून निघताना मऊ असणारा आणि हवा लागून कठीण होणारा चिरा हा भार पेलणारा दगड आहे. त्याची नुसती सजावट केली, तर घराचे गावाशी नाते रंगापुरतेच उरते. घर इथले आहे की नाही, हे पावसाळ्यात कळते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या मुलखात उतरते छप्पर भिंतीपुढे चांगले हात-दीड हात येते, पागोळी ओट्याबाहेर पडते, भिंत कोरडी राहते आणि भर पावसात दार उघडे ठेवून बसता येते. डिचोलीतल्या वाड्यांवर सपाट स्लॅबची घरे पाहा. स्लॅब गळू लागला की त्यावर लोखंडी खांब उभारून पत्रे चढवलेले असतात. आधी नाकारलेले छप्पर असे दुप्पट खर्चाने परत येते.

ही जुन्याची ओढ आहे, असे कोणी म्हणेल. पण ज्या मंगळुरी कौलाला आपण परंपरा म्हणतो, त्याचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये काढला. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार करवलेल्या नार्वेच्या सप्तकोटेश्वर मंदिराला उतरत्या छपरांच्या जोडीला घुमटही आहे. बाहेरून आलेले इथल्या पावसात टिकले, म्हणून इथले झाले. छपराच्या लोखंडी कैचीला आणि काँक्रीटलाही हीच कसोटी लावावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

कौले परतायला माणूस मिळत नाही, माकडे ती फोडतात, ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती नक्षीकामाने सुटणारी नाही; कारागीर टिकले तरच सुटेल. ऑस्ट्रियातल्या आल्प्सच्या कुशीतल्या ब्रेगेन्झरवाल्ड खोऱ्यात कारागिरांनी १९९९ मध्ये ‘वेर्कराउम’ ही संघटना उभारली; तिचे आन्डेल्सबुखचे घर २०१३ मध्ये वास्तुकार पीटर झुमथोर यांनी बांधले. ते जुन्या शेतघराची नक्कल नाही, काचेच्या भिंतींचे नवे घर आहे. तिथे सुताराच्या हाताला काम राहिले, म्हणून बांधणीही राहिली. आपल्याकडे लादी चिकटवणाऱ्याला काम मिळते आणि चिरे रचणारा गवंडी घरी बसतो.

चिरेखाणींनी डोंगर पोखरले जातात, हा आक्षेप तर खाणी भोगलेल्या डिचोलीत हलका मानताच येणार नाही. म्हणूनच चिरा जपून, जिथे भार आहे तिथेच वापरायला हवा. मातीत रचलेला चिरा घर मोडल्यावर अख्खा सुटतो आणि पुढच्या घराच्या भिंतीला लागतो. सिमेंटने चिकटवलेली लादी भरावात जाते.