मान आणि काम

इ. स. १६१५ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो हा सुरतेहून अजमेरला जहांगीर बादशहाच्या भेटीस जात असता वाटेत आमच्या बऱ्हाणपुरात थांबला. बादशहाचा मुलगा शाहजादा परवेझ त्या वेळी येथे राहून दख्खनची मोहीम पाहत असे. रोसाहेब त्याच्या दरबारात गेला. जमिनीला डोके टेकण्यास त्याने साफ नकार दिला आणि पुढे जाऊन बसावयास खुर्ची मागितली. या ठिकाणी आजवर कोणी बसलेले नाही, असे त्याला उत्तर मिळाले. मात्र मेहेरबानी म्हणून चांदीने मढविलेल्या एका खांबाला टेकून उभे राहण्याची परवानगी झाली. ही हकीकत त्याने स्वतःच रोजनिशीत लिहून ठेवली आहे. आणखीही एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली नाही. नाव व थाट शाहजाद्याचा, पण कारभार सगळा खानखानानच्या हाती. (रोने नजर केलेल्या बाटल्यांपायी शाहजादा इतका झिंगला की पुढची ठरलेली भेट झालीच नाही. दारूबंदीवर व्याख्याने देणाऱ्या आमच्या बंधूंनी हा दाखला टिपून ठेवण्यासारखा आहे.)

तेव्हा खुर्चीचे भांडण आमच्या गावाला नवे नाही. ते अन्य गावांनाही नवे नसेल. ताप्ती मिल, नेपानगरचा कागद कारखाना, रेल्वे, शाळा, दवाखाने, बँका अशा ठिकाणी ज्यांनी आयुष्यभर नोकऱ्या केल्या ते आमचे मंडळीतील लोक उपासना संपल्यावर आवारात उभे राहून ज्या गोष्टी बोलतात, त्यांत कचेरीतील मानापमानाच्या गोष्टी पुष्कळ असतात. अमक्याने साहेबाचे कान भरले, तमक्याला बढती मिळाली, आपण केलेले काम दुसऱ्याने आपल्या नावावर खपविले. मग कोणीतरी विचारतो, अशा वेळी ख्रिस्ती माणसाने काय करावे? यावर आम्ही वडीलधारी माणसे ठरलेले उत्तर देतो: नम्र राहा, प्रार्थना करा. उत्तर खोटे नाही. पण ते देऊन आपण फार लवकर मोकळे होतो, असे आम्हाला अलीकडे वाटू लागले आहे.

त्या खानखानानचीच गोष्ट पाहा. अब्दुर्रहीम खानखानान हा मोठा सेनापती व मोठा विद्वान. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याच्याशी मोगलांचा झगडा चालू होता. दोन वर्षांत दख्खनचे काम पुरे करतो, असे वचन देऊन खानखानान १६०८ साली निघाला. १६१० मध्ये मोहीम फसली. सरदारांत एकमत नव्हते, धान्य तुटले, आणि मानहानीचा तह करून फौज बऱ्हाणपुरास परत आली. अहमदनगरचा किल्लाही गेला. लगेच बादशहाकडे पत्रे रवाना झाली. खानजहान लोदीने कळविले की हे सर्व खानखानानच्या दुटप्पीपणामुळे झाले; एक तर सगळी मोहीम त्याच्यावर सोपवा, नाही तर त्याला परत बोलवा आणि आपल्याला फौज द्या, आपण दोन वर्षांत काम करून दाखवितो. मुदत तीच, दोन वर्षे! बादशहाने ते ऐकले व खानखानानला माघारी बोलावले.

पुढे जे झाले ते जहांगिराने आपल्या आत्मचरित्रात खेदाने लिहिले आहे. १६१२ साली असे ठरले की दोन फौजांनी दोन बाजूंनी निघावे. अब्दुल्लाखानाने गुजरातकडून नाशिकच्या वाटेने यावे, आणि राजा मानसिंग, खानजहान वगैरेंनी वऱ्हाड-खानदेशाच्या बाजूने यावे. एकमेकांच्या कूचाची खबर ठेवावी आणि ठरल्या दिवशी दोघांनी मिळून शत्रूला वेढावे. बेत चांगला होता. परंतु विजय आपल्या एकट्याच्या नावावर लागावा, या हव्यासाने अब्दुल्लाखान दुसऱ्या फौजेची वाट न पाहता पुढे घुसला. मलिक अंबरच्या घोडेस्वारांनी त्याला जागोजाग गाठून हैराण केले. अलीमर्दानखानासारखा शूर सरदार जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला व मेला. अब्दुल्लाखान बागलाणातून गुजरातेत परतला. हे ऐकून दुसरी फौजही लढाईशिवाय माघारी फिरली. अखेर बादशहाने कोणाला पाठविले? पुन्हा खानखानानलाच.

यात अब्दुल्लाखानाला विजय नको होता असे नाही. त्याला विजय हवा होता, पण आपल्या हातून. दोघांच्या हातून होणाऱ्या विजयापेक्षा त्याला एकट्याने पत्करलेला धोका बरा वाटला. त्या घाटवाटांत जे साधे शिपाई मेले त्यांना या मानपानाशी काय करावयाचे होते? त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. तसेच, सगळा दोष एकट्या अब्दुल्लाखानावर टाकणेही आम्हाला पटत नाही. एका मोहिमेवर चार तोलामोलाचे सरदार नेमावयाचे, वर नावाला शाहजादा बसवावयाचा, आणि प्रत्येकाची चुगली स्वतंत्रपणे ऐकून घ्यावयाची, ही रीत बादशहाचीच होती. शाळेचा मुख्याध्यापक असो, कारखान्याचा मॅनेजर असो, नाही तर मंडळीचा पाळक असो, ज्याच्या कानाशी चहाड्या येतात त्याने आपला कानही तपासावा.

आणि खानखानान तरी खरोखर दोषी होता काय? आम्ही सांगू शकत नाही. सहकाऱ्यांच्या पत्रांवरून माणूस ओळखणे कठीण, कारण त्या पत्रांत लिहिणाराही असतो. ज्याच्यावर असा ठपका आला त्याच्याच सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, या गावाची ती प्रसिद्ध पाण्याची योजना झाली. आम्ही तिला कुंडी भंडारा किंवा खूनी भंडारा म्हणतो. सातपुड्याच्या बाजूने जमिनीच्या पोटातून तापीकडे झिरपणारे पाणी अडवून ते भुयाराने गावाकडे आणले आहे. वर शंभराहून अधिक कुंड्या, खाली त्यांना जोडणारे एकच भुयार, आणि पाणी केवळ उताराने वाहते. कुठल्या कुंडीचे पाणी आपल्या घागरीत आले, हे येथे कोणाला सांगता येत नाही. १६१६ मध्ये याच खानखानानच्या मुलाने, शाहनवाजखानाने, जालन्याजवळ रोशनगावला मलिक अंबरचा पराभव केला. तो शक्य झाला याचे एक कारण असे की अंबरचे काही सरदार त्याच्याशी बिनसून मोगलांना येऊन मिळाले होते. म्हणजे तो रोग पलीकडच्या छावणीतही होताच.

आता शास्त्राकडे वळू. जब्दीच्या मुलांचा पाठ (मार्क १०:३५-४५) आपल्या शब्बाथ शाळेत दर दोन-तीन वर्षांनी येतो. याकोब व योहान यांनी प्रभूच्या गौरवात त्याच्या उजवीकडील व डावीकडील जागा मागितल्या. बाकीच्या दहांना राग आला. शिक्षक येथे बहुधा त्या दोघांवरच बोलतात. आम्हाला विचारावेसे वाटते, दहांना राग का आला? दोघांनी चूक केली म्हणून, की आपल्या आधी मागितले म्हणून? प्रभूने त्या दहांनाही जवळ बोलावून तोच धडा दिला, यावरून काय ते समजावे. दुसरे असे की प्रभूने मोठे होण्याची इच्छाच टाकून द्या, असे तेथे सांगितले नाही. ज्याला मोठे व्हावयाचे असेल त्याने सेवक व्हावे, असे सांगितले. आणि त्याच्या उजवीडावीकडच्या जागा शेवटी कोणाला मिळाल्या, हे पाहावयाचे असेल तर त्याच शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय उघडावा. तेथे दोन लुटारू आहेत.

तेव्हा बढतीची इच्छा करणे हेच पाप, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला चार मुले शिकवावयाची आहेत त्याला ते सांगणे सोपे नाही आणि बरोबरही नाही. अन्याय झाला तर अर्ज करावा, वरिष्ठांना समक्ष सांगावे, जरूर तर युनियनकडे जावे. दानीएलाने दारयावेशाच्या दरबारातील वरची जागा नाकारली नव्हती. एकशेवीस अधिकारी, त्यांवर तीन अध्यक्ष, आणि त्या तिघांत तो वरचढ. राजाने त्याला सर्वांवर नेमण्याचे मनात आणले, तेव्हा इतरांना ते सहन झाले नाही. त्याच्या कामात खोट सापडेना, म्हणून त्यांनी त्याच्या प्रार्थनेवर कायदा करविला. या सबंध अध्यायात दानीएलाने आपला गट केल्याचे किंवा उलट चहाडी केल्याचे कोठेही लिहिलेले नाही. पण शेवट वाचताना आम्ही नेहमी अडखळतो. सिंहांच्या गुहेत ते चहाडखोर एकटे टाकले गेले नाहीत. राजाच्या हुकुमाने त्यांची बायकामुलेही टाकली गेली. दरबारच्या या झगड्याची खबरही ज्यांना नसेल, त्यांनीच त्याची किंमत भरली.

(मंडळीतील निवडणुका, पंचांचे रुसवे व गायनमंडळातील पुढच्या रांगा यांविषयी लिहू लागलो तर हा अंक पुरणार नाही. योहानाच्या तिसऱ्या पत्रातील दियत्रफेसाला पहिल्या जागेची हौस होती, एवढे सांगून थांबतो.)

मग पाप नेमके कोठे सुरू होते? आमच्या मते ते अशा क्षणी सुरू होते, जेव्हा काम बिघडले तरी चालेल, पण ते त्याच्या हातून साधू नये, असे आपल्याला वाटू लागते. हा क्षण ओळखू येत नाही. तो तत्त्वाचा प्रश्न म्हणून येतो, शिस्तीचा म्हणून येतो, किंवा "ते माझे काम नव्हते" अशा अगदी निरुपद्रवी वाक्यातून येतो. हे आम्ही ऐकीव सांगत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका कचेरीत होतो. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. वरची जागा रिकामी झाली, तेव्हा ती आमच्याहून नोकरीने दोन वर्षे धाकट्या असलेल्या एका गृहस्थांना मिळाली. आम्ही भांडलो नाही. उलट त्यांना हार घातला, आणि घरी येऊन आपण किती नम्र आहोत, याचे आम्हाला समाधान वाटले. त्या वर्षी रोजंदारीवरील अकरा माणसांचा दर वाढला होता व मागील महिन्यांचा फरक त्यांना मिळावयाचा होता. त्याचा तक्ता त्या गृहस्थांनी तयार केला. बेरजा ताडून पाहण्यासाठी तो आमच्या टेबलावर आला. एका महिन्याच्या हजेरीचा रकाना सुटला असल्याचे आम्हाला दिसले. बेरजा मात्र बरोबर होत्या. आमच्याकडे बेरजा होत्या, हजेरी नव्हती. आम्ही आद्याक्षरी केली आणि कागद पुढे पाठविला. त्या जागेवर कोणाला बसविले आहे ते साहेबांना कळू दे, एवढेच तेव्हा मनात होते.

तक्ता वरिष्ठ कचेरीतून हरकत लागून परत आला. दुरुस्त होऊन जाईपर्यंत मार्चअखेर झाली, मंजूर रक्कम परत गेली, आणि नवी मंजुरी येण्यास सात महिने लागले. त्या अकरांत झाडलोट करणाऱ्या एक बाई होत्या. दर आठवड्याला त्या आमच्या टेबलाशी येऊन विचारीत, "साहेब, पैसे कधी यायचे?" आम्ही मान न वळविता त्या गृहस्थांच्या टेबलाकडे बोट दाखवीत असू. त्याच सुमारास एका रविवारी आमच्या वर्गाला जब्दीच्या मुलांचा पाठ होता. आम्ही तो चांगला शिकविला. मुलांनी उत्तरेही चांगली दिली.

पुढे त्यांची बदली झाली आणि ती जागा आम्हाला मिळाली. पहिल्याच आठवड्यात जुन्या फायली चाळताना त्या तक्त्याची फाईल हाती आली. चूक कोणाची, असा खुलासा वरिष्ठांनी मागितला होता. कागदावर आमची आद्याक्षरी होती; ती दाखविणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी दोन ओळींत लिहिले होते की चूक सर्वस्वी आपली आहे. त्याबद्दल त्यांच्या नावे ताकीद निघाली होती, तीही फाईलला लावलेली होती. ती ताकीद पुढे त्यांच्या आड आली असेल की नाही, हे आम्हाला कधी विचारवले नाही.

त्यांना पत्र लिहिण्यास आम्ही आणखी दीड वर्ष घेतले. उत्तर लवकर आले. आमच्या कबुलीविषयी त्यात एक अक्षर नव्हते. घरची खुशाली होती, आणि शेवटी विचारले होते की त्या झाडलोट करणाऱ्या बाईंना फरकाची रक्कम मिळाली का. आपली बदली झाली तोवर त्यांची सही झालेली नव्हती.

आम्ही पावत्यांचे बुक काढून पाहिले. दहा सह्या होत्या. अकराव्या नावासमोर कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, काम सोडून गेली, पत्ता नाही.