रिकाम्या आसनाची चाचणी

नगरचं आणि लष्कराचं नातं म्हटलं की रणगाडे आठवतात. आर्मर्ड कोअर सेंटर, रणगाड्यांचं संग्रहालय, खारे कर्जुनेची के. के. रेंज. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी बोलण्यात नगरच येतं.) विमानांचा इथे काय संबंध? तोही आहे. लष्करी वाहनांवर संशोधन करणाऱ्या इथल्या व्हीआरडीई या संस्थेच्या पुढाकाराने ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी 55 अश्वशक्तीचं वांकेल रोटरी इंजिन तयार झालं आणि मार्च 2009 मध्ये कोलारला ते पहिल्यांदा आकाशात गेलं. त्या उड्डाणात जीव धोक्यात घालून कुणी बसलं नव्हतं. बसायला जागाच नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात ही चैन नव्हती. ब्रिटनमधल्या कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक स्पिटफायर आघाडीवर जाण्याआधी कुणीतरी उडवून पाहायचं. तिथले मुख्य चाचणी वैमानिक ॲलेक्स हेन्शॉ यांनी एकट्याने अशी दोन हजारांवर विमानं तपासली. कामगार थकलेले, मागणी अफाट, घाई तर विचारू नका. अशा कारखान्याचा शेवटचा तपासनीस हवेत असे आणि राहून गेलेली चूक त्याच्याच अंगावर येई.

आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना उभा केला. पुढच्याच वर्षी तिथलं हार्लो प्रशिक्षण विमान उडालं आणि 1942 मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. वालचंदांच्या धडाडीबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं. त्या विमानांत पहिल्यांदा बसलं कोण, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. उद्योगाचा इतिहास आपण मालकापासून सुरू करतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपवतो.

याच कारखान्यात पुढे ‘मारुत’ हे लढाऊ जेट विमान घडलं. त्याचे रचनाकार कुर्ट टांक यांनी युद्धकाळात जर्मनीत फोकवुल्फ 190 हे लढाऊ विमान रचलं होतं आणि ते स्वतःही वैमानिक होते. मारुतचा सांगाडा उत्तम होता, पण त्याला साजेसं ताकदीचं इंजिन कधी मिळालंच नाही. चाचणी वैमानिक सुरंजन दास यांनी आधी लाकडी ग्लायडरवर त्या रचनेचा अंदाज घेतला आणि 17 जून 1961 रोजी खरं विमान उडवलं. पुढे इंजिनाचा जोर वाढवण्यासाठी त्यात जादा इंधन जाळण्याची सोय करून पाहिली जात होती. त्याच प्रकारच्या मारुतच्या चाचणीत, 10 जानेवारी 1970 रोजी, दास गेले. बंगळुरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

निशांतच्या नावाचा रस्ता होणार नाही, आणि ते योग्यच. लष्कराला मिळालेली चारही विमानं अपघातांत गेली आणि 2015 मध्ये तो अध्याय संपला. दोष नगरच्या इंजिनाचा होता असं मी म्हणत नाही. माणूस मेला नाही, याचा आनंदच आहे. वैमानिकाच्या मरणाने उद्योग शहाणा होतो, असल्या शौर्यकथा मला मानवत नाहीत. पण दास गेले तेव्हा कमी पडणाऱ्या इंजिनाचा प्रश्न देशाला टाळता येण्यासारखा नव्हता. निशांत पडलं तेव्हा चार दिवस बातमी आली आणि विरली. आसन रिकामं झालं की अपयशाला चेहरा राहत नाही. मग चौकशी फायलीत होते, फाइल बंद होते आणि पुढचा अभियंता त्याच खड्ड्यात पाय घालायला मोकळा. वैमानिकाची जागा घेणारं काही हवं असेल तर ते एवढंच: प्रत्येक अपघाताचा अहवाल, निदान त्यातला तांत्रिक भाग, लोकांपुढे ठेवणं.

शिवाय चाचणीची किंमत फक्त आसनावरच मोजली जाते असंही नाही. के. के. रेंज या लष्कराच्या गोळीबार-सरावाच्या क्षेत्रामुळे नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतली गावं कित्येक वर्षं जमिनीच्या अनिश्चिततेत जगत आली आहेत. क्षेत्र राखीव ठेवण्याची मुदत वाढते, आंदोलन होतं, आश्वासन मिळतं, पुन्हा मुदत वाढते. तोफेची नळी तपासली गेली याची नोंद होते. शेतकऱ्याने विहीर खणायची की नाही याचा निर्णय पुन्हा लांबणीवर पडला, ही नोंद कोणत्याच चाचणी अहवालात नसते.