दिवा मालवल्यावर

संध्याकाळी साडेसहाला मी तुळशीपाशी दिवा लावते, तेव्हा पर्थला नऊ वाजलेले असतात आणि माझा भाचा त्याच्या काचेच्या टाकीवरचे दिवे मालवतो. खाऱ्या पाण्याच्या त्या टाकीत त्याने प्रवाळ जोपासलेत. आपल्याकडे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. ते घरात ठेवता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नाशिकला बसून मी ते फोनवर पाहते.

परवा म्हणाला, "मावशी, थांब हं, आधी यूव्ही बंद करतो."

टाकीचं पाणी एका नळीतून फिरतं आणि नळीत अतिनील दिवा असतो. आमच्या ओट्यावरच्या फिल्टरमध्येही तोच. त्याचा २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जंतूंच्या डीएनएलाच इजा करतो. माशांना छळणारे परजीवी पोहतपोहत त्यात सापडले की संपतात, पाणी हिरवं होत नाही. पण रोग कुठला आणि घास कुठला, हे त्या दिव्याला कळत नाही. प्रवाळांसाठी सोडलेलं जिवंत सूक्ष्म शैवालही तो मारतो. म्हणून जेवणाच्या तासाभरात तो बंद, फेस काढणारं यंत्रही बंद. पाणी हलवणारा छोटा पंप तेवढा चालू, कारण प्रवाळ जागचं हलत नाही. घासानेच वाहत त्याच्यापाशी यायचं.

अनेक प्रवाळांच्या अंगात शैवाल वस्तीला असतं आणि उजेडात तेच त्यांचं पोट बरंचसं भरतं. कोपऱ्यातल्या नारिंगी सन कोरलला तो आधार नाही. पहिल्या वर्षी पाणी आरशासारखं आहे म्हणजे सगळं ठीक, असं भाचा समजला होता. सन कोरल खंगत गेलं, खालचा पांढरा सांगाडा दिसू लागला. इतक्या स्वच्छ पाण्यात कुणी उपाशी राहत असेल, हे माझ्या तरी मनात आलं नसतं.

आता तो एकेका तोंडाला भरवतो. परवाही त्याने आधी आर्टेमियाचं, म्हणजे कोळंबीच्या जातीच्या इवल्या जिवांचं, थोडं पाणी वास लागावा म्हणून सोडलं. मिटलेल्या कळ्या हळूहळू फुगल्या, पिवळसर स्पर्शिका बाहेर आल्या. मग लांब पिपेटने प्रत्येकीशी एक थेंब. घास लागला की स्पर्शिका आत वळतात, तान्ह्याची मूठ मिटावी तशा.

फोन धरलेल्या हाताच्या बोटात आईने मंगळासाठी करून दिलेलं पोवळं होतं, सराफ बाजारातलं. दागिन्यांतलं लाल पोवळं पूर्वापार भूमध्य समुद्रातून येतं. त्याच्याही अंगात शैवाल नसतं. अंधाऱ्या कपारीत आठ-आठ पांढऱ्या स्पर्शिका पसरून ते वाहत आलेलं वेचून खातं. इतकी वर्षं मी त्याला खडा म्हणत आले.

"झालं का रे? लाव आता यूव्ही," मी म्हटलं.

"थांब मावशी. तळातलं धाकटं अजून गिळतंय."