पाय आखडून घेतले तेव्हा



नातवंडे ‘हेल्प’ म्हणतात तेव्हा आपल्याला एकच अर्थ कळतो, मदत. (‘मदत’ही मूळची अरबी, पण आता घरचीच झाली.) इंग्रजीत मात्र या एवढ्याशा शब्दाचा संसार मोठा आहे. बुडणारा माणूस हेच ओरडतो. घरकामाच्या बाईलाही अमेरिकेत हाच शब्द लावत आले. ‘आय कान्ट हेल्प इट’ म्हणजे माझा इलाज नाही. आणि ताटात एका वेळी वाढलेल्या अन्नाला म्हणतात ‘हेल्पिंग’! पाहुण्याला ‘हेल्प युवरसेल्फ’ म्हटले की त्याने संकोच न करता आपल्या हाताने वाढून घ्यायचे.

हे शेवटचे आपल्या पंगतीत चालत नाही. आपण जमिनीवर बसतो आणि वाढपी वाकतो. वाकल्याशिवाय त्याचा हात पत्रावळीपर्यंत पोहोचतच नाही. आता वारीच्या वाटेवर पाहा. ट्रकच्या फळीवर माणूस उभा, खाली पसरलेले शेकडो हात, आणि वरून बिस्किटांचे पुडे येताहेत. देणाऱ्याचा भाव खोटा नसतो, गर्दीपुढे तोही काय करणार? पण मीही एकदा त्या फळीवर उभा राहिलो आहे. खरे सांगतो, वरून फार बरे वाटते. त्या बरे वाटण्याचीच मला पुढे भीती वाटू लागली.

त्या भीतीने मी देताना सावध झालो. घेण्याचे मात्र कधी मनातच आले नाही.

सासवडच्या मुक्कामी एक कॉलेजचा पोरगा तेलाची बाटली घेऊन माझ्या पायाशी बसला. गुडघे सुजलेले होते, तरी मी पाय आखडून घेतले. “राहू दे रे बाळा, मला नको.” याला मी नम्रता समजत होतो! माउली, तुम्हीही असे कितीदा म्हटले असेल. पण विचार करा, पुंडलिकाच्या आईवडिलांनी ‘राहू दे’ म्हणून पाय ओढून घेतले असते, तर देवाकडे वीट भिरकावून ‘थांब’ म्हणायची वेळच आली नसती. दिवे घाट चढताना रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, तेव्हा मूळची जोडी काही रुसून बसत नाही. मग मलाच कसली लाज होती? कुणाचे काही घेतले की आपण खालचे ठरतो, हीच ना? म्हणजे ट्रकची फळी माझ्या मनातून उतरलीच नव्हती.

पोरगा काही बोलला नाही. त्याने बाटलीचे झाकण लावले आणि शेजारच्या बाबांकडे सरकला. त्यांनी न मागताच पाय पुढे केले होते.