चिंध्यांचा डाव

अमेरिकेत १९९६ साली ग्वेन मार्स्टन या लेखिकेचं गोधडीकामावरचं एक पुस्तक आलं. या कामाला तिनं ‘मुक्त’ असं विशेषण लावलं होतं. पट्टी न लावता कापा, आराखडा न काढता जोडा, तुकडा तिरका गेला तर जाऊ द्या, असा त्याचा रोख. आता कलात्मक गोधड्या करणाऱ्यांत अशा युक्त्या चांगल्याच रुळल्या आहेत. कुणी पिशवीत हात घालून न बघता तुकडा काढतं आणि हाताला येईल तोच जोडतं. कुणी जोडून झालेलं कापड पुन्हा मधोमध कापून उलटसुलट शिवतं. जळगाव-धुळ्याकडची एखादी जुनी गोधडी उलगडली, तर यातली बरीचशी मोकळीक तिथे आधीपासून नांदताना दिसते. मात्र ‘आमच्याकडे हे होतंच’ म्हणून मान ताठ करण्यात हशील नाही. विचार करायचा तो याचा, की पिशवीत न बघता हात घालावा असं ज्यांच्याकडे दुकानभर कापड आहे त्यांनाच का वाटतं? माझ्या मते त्यांना कमतरता आहे ती अडचणीचीच. खेळायला काहीतरी न निवडलेलं समोर यावं लागतं. गंजिफाची पानंसुद्धा आपण निवडून घेत नाही. गोधडीला ही अडचण फुकट मिळायची. कलावंताला ती मुद्दाम तयार करावी लागते.

गोधडीत न निवडलेलं किती असतं ते पाहा. नऊवार लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की साधारण माणसाच्या उंचीची लांबी आपोआप मिळते. म्हणजे माप लुगड्यानंच ठरवलेलं. पोटात काय जाणार हे घरात काय जुनं झालं त्यावर: विटलेलं धोतर, विरलेली साडी, कधी आधीची फाटकी गोधडीच. वर येणारी ठिगळं शिंप्याकडच्या कातरणांतून, चोळीच्या खणांतून, लेकरांच्या तोकड्या झालेल्या झबल्यांतून. शिवायला वेळ कधी, हेही ऋतूच ठरवतो. उन्हाळ्यात शेत मोकळं असतं आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तेव्हा चार हात जास्तीचे मिळतात. आणि या सगळ्याला बांधून ठेवतो धावदोरा. अनेक गोधड्यांत तो कडेनं सुरू होऊन चौकोनात चौकोन घालत आत सरकतो. टाका लांबला तर थर सुटतात, म्हणून तिथे मोकळीक अजिबात नाही. वर ठिगळांची मनमानी आणि तिच्यावरून चालणारी टाक्यांची शिस्त, या दोघांच्या ओढाताणीतून गोधडीचं रूप घडतं. खानदेशाला ही जात ओळखीची असायला हवी. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांना जात्याच्या फेऱ्याची लय होती, शब्द मात्र त्यांचे. त्यांच्या जाण्यानंतर, १९५२ साली, ती कविता पुस्तकरूपानं आली आणि महाराष्ट्रानं तिला कविता म्हटलं. कुणीतरी ती उतरवून घेतली होती म्हणून हे झालं. ठिगळांची रचना कोण उतरवून घेणार? ती तर अंगाखाली झिजत गेली.

यावर रास्त आक्षेप असा की ही गरज होती, तिला खेळ म्हणणं हा पोट भरलेल्यांचा शौक आहे. धुळ्याच्या थंडीत लेकरांवर काय घालावं या काळजीनं शिवणाऱ्या बाईला रचना कसली सुचते? आक्षेपातला राग मला मान्य आहे. चिंध्यांवर दिवस काढणं ही कुणाची सौंदर्यदृष्टी नसते. पण गरजेनं थर किती घालायचे ते ठरतं, टाका किती जवळ घ्यायचा ते ठरतं. लाल ठिगळ निळ्याच्या शेजारीच का, हे ठरत नाही. ऊब अख्खं लुगडं वरून घातलं तरी तेवढीच मिळते, आणि तशाही गोधड्या शिवल्या जात होत्याच. मग जिथे काठ कापून चारही बाजूंनी चौकट केली, एकाच खणाचे चार तुकडे चार कोपऱ्यांना वाटले, तिथे कुणीतरी गरजेपलीकडे एक पाऊल टाकलं आहे. अलाबामातल्या जीज बेंड गावाची साक्ष इथे उपयोगी पडते. गुलामांच्या वंशजांचं हे गाव. त्यांच्या गोधड्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या. १९७२ साली तिथल्या बायकांच्या सहकारी संस्थेला सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या खोळींचं काम मिळालं. त्यातली उरलेली कातरणं घरोघर गेली आणि त्या जाड, रेघांच्या कापडानं गोधड्यांचं रूपच पालटलं: तुकडे मोठे झाले, रंग ठळक झाले. माल बदलला तसा डाव बदलला. २००२ साली या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या, २००६ साली टपाल तिकिटांवर आल्या. गरिबी त्या गावातही होती, आणि तरी त्या रचना नुसत्या गरिबीतून निघाल्या असं त्या पाहिल्यावर म्हणवत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो. भिंतीवर टांगलेली गोधडी ही गोधडी उरते का? जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. तिचं मरणही कामाचं असतं. भिंतीवरची काचेमागे तशीच राहते. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धं आहे: अंगावर घेण्याची गोधडीसुद्धा आज जुन्या रीतीनं जगत नाही. खानदेशचं कापड घ्या. आजूबाजूला कपाशी, जिनिंगचे कारखाने, पण जळगावची खानदेश मिल बंद पडून तिच्या जागी व्यापारी संकुल उभं आहे, आणि घराघरातल्या कपाटात सुरतेच्या पॉलिस्टर साड्या आहेत. कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर धागा कारखान्यातला! अशा साडीची गोधडी घाम टिपत नाही, थर एकमेकांवरून घसरतात, कापलेली कड सुटत जाते. म्हणून हळहळणारे सुती लुगड्याची आठवण काढतात. कलात्मक गोधडी करू पाहणारेही बाजारातून महागडं सुती, हातमागाचं कापड आणून ‘परंपरा’ शिवतात, आणि मला खरा खोटेपणा तिथे दिसतो. गोधडीची परंपरा सुताची नव्हती, घरात जे जुनं झालं त्याची होती. आज घरात जुनं होतं ते पॉलिस्टर. प्रयोग करायचे तर त्याच्याशी करायला हवेत.

आणि ते खोडकर द्रव्य आहे. त्याची कड उष्णतेनं वितळते आणि पक्की होते. सुताला हे जमत नाही. थर घसरतात ते घसरू दिले, टाके मुद्दाम दूरदूर घेतले, तर मधे चुण्या पडतात, आणि चुणी म्हणजे सुईनं काढलेली सावली. याहून मजेदार गोष्ट धुण्यात आहे. खाली न धुतलेलं कोरं मांजरपाट घ्यायचं, वर पॉलिस्टरच्या साडीची ठिगळं, आणि दोन्हींमधून तोच जुना, कडेकडून आत जाणारा धावदोरा. पहिल्या धुण्यात मांजरपाट आटतं, साडी आटत नाही. मग टाक्यांच्या प्रत्येक दोन ओळींमधली जागा फुगून वर येते, आणि गोधडी दोरीवर वाळत घातल्यावरच तिची नक्षी पहिल्यांदा दिसते.