स्मिथचं धान्य, लासलगावचा कांदा

खुला बाजार म्हणजे स्वार्थाला मोकळं रान, असं आपल्याकडे शिकलेली माणसंही सर्रास बोलतात. हा विचार मुळात बर्नार्ड मँडेव्हिलचा. लंडनमधल्या या डॉक्टरने १७१४ साली मधमाश्यांच्या पोळ्याचं रूपक घेऊन ठासून सांगितलं, की हाव आणि मिरवण्याची हौस या दुर्गुणांवरच समाजाची भरभराट होते.

ॲडम स्मिथला हे मान्य नव्हतं. तो ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवायचा. १७५९ साली आलेलं त्याचं पहिलं पुस्तक नैतिक भावनांवर आहे आणि त्यात त्याने मँडेव्हिलचा नाव घेऊन समाचार घेतला आहे. परोपकाराशिवाय समाज कसाबसा तगेल, पण न्याय ढासळला तर टिकणार नाही, हे त्याचं तिथलं म्हणणं. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ १७७६ साली आलं, ते याच पायावर उभं आहे.

ते पुस्तक वाचताना स्मिथ कुणाच्या बाजूने चिडतो, याकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं. त्या काळी इंग्लंडमध्ये गरीब मजूर कामासाठी शेजारच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या दुसऱ्या गावात, राहायला गेला, तर पुढेमागे गावावर त्याचा भार पडेल एवढ्या शंकेवरून त्याला हुसकून लावता येई. ज्याने काही गुन्हा केलेला नाही त्याला असं हाकलणं हा उघड अन्याय आहे, असं स्मिथ लिहितो. मजूर एकत्र आले की ओरड होते; मालक मात्र मजुरी वाढू नये म्हणून कायमच आतून एक असतात, हेही त्याचंच निरीक्षण. १७७० च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल तो सांगतो, की पाऊस कमी पडला होता हे खरं, पण टंचाईचा दुष्काळ झाला तो बहुधा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या बंधनांमुळे. त्याला बाजार मोकळा हवा होता तो या दुबळ्या माणसांसाठी. मक्तेदार व्यापाऱ्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

पुढे ही न्यायाची भाषा मागे पडली आणि उपयुक्ततेचा, कार्यक्षमतेचा हिशेब पुढे आला. इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना सर्वकाळ लागू पडतात, हा दावा न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात खोडून काढला, तोवर ते सिद्धांत पाठ्यपुस्तकी झाले होते. १९७० साली अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने नियम पाळून नफा वाढवणं हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी असल्याचं लिहिलं. त्यातलं ‘नियम पाळून’ लोक विसरले, नफा तेवढा लक्षात राहिला. स्मिथची बदनामी झाली ती अशा अर्धवट वाचनातून, असं मला वाटतं.

न्यायाची ती भाषा मला पुन्हा भेटते ती शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्याकडे. १९८० साली चाकणला कांद्याचं आंदोलन पेटलं, तेव्हा मागणी रास्त भावाची होती. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेत दयेची याचना नाही, हक्काची मागणी आहे. सरकारच शेतमालाचे भाव पाडतं, ही मांडणी करत जोशी पुढे खुल्या बाजाराचे उघड पुरस्कर्ते झाले, जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावाच्याही बाजूने उभे राहिले. डाव्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. पण त्यांचा युक्तिवाद शेतकऱ्यावरच्या अन्यायाचा होता आणि त्याला उत्तर देणं सोपं नव्हतं.

स्मिथच्या धान्यव्यापारावरच्या प्रकरणात याच प्रश्नाचा विचार आहे. शेतकऱ्याला आपला माल चांगल्या भावाच्या बाजारात नेऊ न देणं म्हणजे लोकहिताच्या नावाखाली न्यायाचा बळी देणं, असं तो म्हणतो. अगदी निकडीच्या वेळीच ते क्षम्य ठरतं. आपल्याकडे मात्र कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनामागे ८०० डॉलरची किमान निर्यातकिंमत आली आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती थेट ४ मे २०२४ पर्यंत. शहरातल्या भाजीचा खर्च आवाक्यात राहावा, हा हेतू मी नाकारत नाही. पण तो भार लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याने एकट्याने का उचलायचा, याचं उत्तर त्याला कुणीही दिलेलं नाही.