भरपाई कोणाला?

गुलाम सुटला तर भरपाई कोणाला द्यायची? गुलामाला की मालकाला? आमच्या सोनगीरच्या पारावर हा सवाल टाका, शेंबडं पोरगंही सांगेल : गुलामाला. पण इतिहास असा सरळ चाललेला नाही.

मॉरिशसचंच घ्या. हिंदी महासागरातलं बेट. मराठी माणसं तिथं गेली, आजही तिथं गणपती बसतो, म्हणून आपल्याकडे त्याचं मोठं कौतुक. पण त्या बेटाची गोष्ट गणपतीपासून सुरू होत नाही. १५९८ साली डच उतरले तेव्हा तिथं माणसाची वस्तीच नव्हती. १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली, १७१० मध्ये सोडली. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतलं. मादागास्कर आणि आफ्रिकेतून माणसं धरून आणली. त्यांनी रान तोडलं, बंदर बांधलं, उसाचे मळे उभे केले. ज्याचा घाम त्याची जमीन, हा साधा न्याय. पण कागद गोऱ्याच्या नावाचा.

१८१० मध्ये इंग्रज आले. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी बंद झाली. आणि भरपाई? इंग्रज सरकारनं आपल्या वसाहतींतल्या मालकांना मिळून २ कोटी पौंड दिले. जमैका, बार्बाडोसच्या मळेवाल्यांना मिळाले, तसे मॉरिशसच्या मळेवाल्यांनाही २० लाखांहून जास्त मिळाले. गुलामाला छदाम नाही. उलट ‘उमेदवारी’ म्हणून १८३९ पर्यंत त्याच मालकाकडे राबायचं. या वाटपासाठी काढलेलं कर्ज इंग्लंडनं २०१५ पर्यंत फेडलं. हैतीच्या गुलामांनी तर लढून १८०४ मध्ये देश सोडवला. तरी १८२५ मध्ये फ्रान्सनं लढाऊ जहाजं पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले.

सुटलेला माणूस मळा सोडून गेला. मग मालकांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले. ५ वर्षांचा करार, महिना ५ रुपये. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसं यातलीच. तीही नाडलेली. पण सुटलेल्या गुलामाची मजुरी पाडायला मालकानं त्यांनाच वापरलं, हेही कौतुकाबरोबर सांगितलं पाहिजे.

कोणी म्हणेल, मालकांना पैसे दिले नसते तर कायदाच झाला नसता. असेल. सौदा म्हणून मी ते समजू शकतो. पण सौद्याला न्याय म्हणू नका. चोरानं माल परत केला म्हणून त्याला बक्षीस द्यायचं, आणि ज्याचं घर लुटलं त्याला म्हणायचं, सुटलास हेच नशीब!

हे सातासमुद्रापलीकडचं नाही. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. संस्थानिकांचं राज्य गेलं तर त्यांना १९७१ पर्यंत तनखे. आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगावे नेणाऱ्या, मेलेली ढोरं ओढणाऱ्या महाराला? आकाराच्या तिप्पट रक्कम मुदतीत भर, मग तुझी जमीन तुझ्या नावावर. माझा आजा म्हणायचा, “आमनी जमीन आमलेच इकत लेनी पडनी.” मॉरिशस त्यानं कधी ऐकलं नव्हतं. पण तिथल्या सुटलेल्या गुलामाला त्याचं बोलणं चटकन कळलं असतं.

१२ मार्च १९६८ ला मॉरिशस स्वतंत्र झालं. त्याआधी १९६५ मध्येच इंग्रजांनी चागोस बेटं त्यापासून तोडून घेतली. मॉरिशसच्या सरकारला ३० लाख पौंड दिले, आणि १९७३ पर्यंत चागोसची माणसं हाकलून लावली. त्यातले बहुतेक गुलामांचेच वंशज. तिथं अमेरिकेचा लष्करी तळ झाला.

म्हणून स्वातंत्र्याची तारीख सांगून मला कोणी गप्प करू नये. झेंडा कोणता चढला हे नंतर बघू. हिशेबाची वही आधी काढा : सुटका झाली त्या दिवशी पैसे कोणाच्या हातात पडले आणि कोणाच्या खिशातून गेले?

आणि ती वही आपणही आपल्या घरात उघडू. आपल्यातला एखादा नोकरीला लागतो, जागल्या लावून घर बांधतो. त्या घरावर राबणाऱ्या भिल्लाच्या हातावर आपण काय ठेवतो?